कमॅरोसाठी इंजिन माउंट निवडताना

माझी १९६९ ची शेवरले कमॅरो, ३५० घन इंचाचं व्ही-८ इंजिन असलेली, मिशिगनमध्ये उन्हाळाभर रस्त्यावर असते. जोरात निघालं की बॉनेटखालून धाडकन आवाज यायचा. बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून किंचित अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर इंजिनाची डावी बाजू उचलली जात होती. त्या बाजूच्या माउंटचं, म्हणजे इंजिन गाडीच्या चौकटीला धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर तेल पिऊन पत्र्यापासून सुटलं होतं.

हे अजिबात हलक्यात घेऊ नका. इंजिन उचललं की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारा पडदा) ओढला जाऊन उघडाच अडकू शकतो. याच धोक्यामुळे १९७१ मध्ये शेवरलेने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावून इंजिन आवरणारी केबल बसवून दिली होती.

सॉलिड माउंट (रबर नसलेला, अख्ख्या धातूचा) ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर ठीक. रस्त्यावर सगळी थरथर थेट सीटपर्यंत येते. साधं रबर सर्वात सुखाचं, पण हेडर्सची (एक्झॉस्टच्या नळ्यांची) उष्णता आणि तेल त्याला खातं. मी पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे), इंटरलॉकिंग पोलादी कवचाचे घेतले. आतला भाग फाटला तरी कवचं एकमेकांत अडकून राहतात, इंजिन सुटत नाही. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथर थोडी वाढली, पण मला ती चालते.

दोन्ही बाजू एकदमच बदला, गिअरबॉक्सचा माउंटही तपासा. आणि इंजिनावरच्या व्हॉल्व्ह कव्हरची तेलगळती त्याआधी बंद करा.