घड्याळ लावून मॉर्फीन: कॅन्सरचं दुखणं घरी सांभाळताना

घरी आणलेल्या कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या की घाबरतात ते नातेवाईक. "मॉर्फीन लागलं म्हणजे आता संपलंच," असं कुणीतरी बोलून जातं, आणि मग "सहन होतंय तोवर नको" म्हणत गोळी लांबवली जाते. घरी दुखणं आटोक्यात येत नाही त्यामागे बहुतेक वेळा ही लांबवालांबवच असते.

साध्या गोळीचा असर साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि चार तास टिकतो. म्हणून गोळी दुखल्यावर नाही, घड्याळ बघून द्यायची: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दोनला उठवायला लागू नये म्हणून झोपतानाचा डोस पुष्कळदा दुप्पट लिहिलेला असतो. चिठ्ठीत तसं असेल तर ती लिहिण्यातली चूक समजून अर्धा करू नका. बारा तासांची गोळी मात्र वेगळी. ती फोडायची नाही, कुटायची नाही, नळीतून द्यायची नाही. तसं केलं तर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

मधेच कळ आली तर जादा डोस द्यायचा. तो दिवसभराच्या एकूण मॉर्फीनच्या साधारण सहावा भाग असतो. चार तासांनी १० मिलीग्रॅम चालू असेल तर दिवसाचे ६० झाले, जादा डोस १०. जादा दिला तरी पुढचा ठरलेला डोस ठरल्या वेळीच. अंघोळ, ड्रेसिंग किंवा कूस बदलताना दुखत असेल तर अर्धा तास आधी द्या. एका वहीत वेळ, डोस आणि दहापैकी किती दुखतंय ते लिहीत जा. दिवसात तीन जादा डोस लागले तर डॉक्टर ते मिळवतात, ६० अधिक ३०, म्हणजे ९०, आणि दर चार तासांचा डोस १५ वर नेतात. वही नसेल तर फोनवर "दुखतंय हो" एवढंच सांगता येतं, आणि त्यावरून डोस ठरत नाही.

आता बद्धकोष्ठाचं. मॉर्फीनची मळमळ बहुधा आठवड्यात जाते, गुंगी दोन-तीन दिवसांत उतरते, पण आतडी मंदावतात ती शेवटपर्यंत. त्यामुळे पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं. बायसाकोडिलच्या ५ मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री, असं साधारण लिहिलं जातं. चिठ्ठीत नसेल तर विचारा. घरातलं इसबगोल इथे उपयोगाचं नाही. त्याला भरपूर पाणी लागतं आणि हा पेशंट तर घोट-घोट पीत असतो, मग तेच आत घट्ट होऊन बसतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर नर्सला बोलवा. एक फसगत फार होते: खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, ते औषध बंद करतात आणि पेशंट आणखी अडकतो. चार दिवस काही नाही आणि अचानक थोडं-थोडं पातळ, असं असेल तर आधी हेच मनात आणा.

व्यसनाची भीती सोडा. दुखण्यासाठी ठरल्या मापात घेणारा पेशंट सहसा व्यसनी होत नाही. पण गोळी अचानक तोडायचीही नाही. घाम, पोटात मुरडा, तगमग सुरू होते. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणायला निघा, दिवाळी किंवा जोडून सुट्ट्या असतील तर त्याहून आधी. मॉर्फीन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते इतकं आवळलं गेलं होतं की पुष्कळ दुकानांनी ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते देणं सोपं झालं. जाताना जुनी चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्यांचा आकडा जवळ ठेवा. घरात गोळ्या कुलपात.

धोका कशाला म्हणायचं? हलवूनही जागं होत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला आठच्या खाली: पुढचा डोस थांबवा आणि लगेच फोन करा. हातपाय झटकत असतील, बरळणं सुरू असेल आणि लघवी कमी झाली असेल तर किडनीतून औषध नीट बाहेर पडत नाहीये. डोस कमी करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं.

शेवटच्या दिवसांत गिळणं थांबतं. तोंडात गोळी कोंबू नका, कातडीखालच्या सुईची सोय डॉक्टर करून देतात. दुखणं गेलेलं नसतं, तेव्हा औषधही बंद नको. ओठ आणि जीभ ओल्या कापसाने पुसत राहा. तुळशीचं पान आणि गंगाजल द्यायचं असेल तर पान ओठांना लावा, चमच्याने ओतू नका, ठसका लागतो. घशात घुरघुर ऐकू आली तर कुशीवर वळवा. पेशंटला तिचा बहुधा त्रास नसतो, ऐकणाऱ्यांना होतो. श्वास मधेच काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं हे मरण जवळ आल्याचं लक्षण आहे, मॉर्फीनचा दोष नव्हे. शेवटचा डोस घरातल्या कुणीतरी दिलेलाच असतो. त्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "माझ्या हातून गेले" हे त्याच्या डोक्यातून जात नाही.

घरी मृत्यू झाल्यावर दाखला कोण देणार, तेही आधी ठरवा. उपचार करणारे डॉक्टर ४ए क्रमांकाच्या फॉर्मवर मृत्यूचं कारण लिहून देतात. रात्री-अपरात्री येणार का, त्यांना आजच विचारा, आणि नंबर दाराजवळ लावून ठेवा. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते. उरलेल्या गोळ्या मोजून जिथून आणल्या तिथे परत द्या. त्या शेजारच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी नाहीत.