प्रजनक तळ्याची पावसाळ्यापूर्वीची तयारी आणि वंशाची वही

कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांच्याकडे कटला, रोहू आणि मृगळ या माशांचे स्वतःचे प्रजनक (पैदाशीसाठी राखलेले मोठे नर-माद्या) आहेत आणि जे पावसाळ्याच्या तोंडाशी स्वतःच जिरे, म्हणजे अंड्यांतून निघालेली बारीक पिल्ले, काढतात, त्यांच्यासाठी ही तयारी लिहिली आहे. तळे उपसणे, गाळ काढणे, चुना आणि शेणखत टाकणे ही कामे कोणाला सांगावी लागत नाहीत, ती करावीत. हॅचरीचे फवारे आणि पाइप एकदा चालवून पाहावेत.

तळ्याच्या कामाच्याही आधी वही उघडावी. प्रत्येक प्रजनकाचा उगम तिच्यात लिहावा: तो कोणत्या तळ्यातला, कोणत्या वर्षीच्या बिजाचा, ते बीज कोठून आणलेले आणि आजवर त्याची जोडी कोणाशी लावली. मागच्या हंगामात माझ्याकडून नेमकी हीच नोंद करायची राहून गेली आणि एकाच घाण्यातले भाऊबहीण एकमेकांशी लावले गेले असावेत, एवढाच संशय हाती उरला. खात्री करण्याचा मार्ग नव्हता. वही नुसती असून भागत नाही, माशावर खूणही हवी. कातडीखाली बसवायची चिप आणि ती वाचणारे यंत्र परवडत असेल तर तेच घ्यावे. पराचे टोक कापण्याची खूण स्वस्त आहे, परंतु पर पुन्हा वाढतो आणि पुढच्या वर्षी सगळे मासे सारखेच दिसतात. चिपही नको आणि कापणेही नको असेल, तर निदान दोन वंश दोन वेगळ्या तळ्यांत ठेवावेत. हे काम फेब्रुवारीत, नर-माद्या वेगळ्या करण्यासाठी जाळे ओढले जाते तेव्हाच, सकाळच्या गारव्यात उरकावे. मे महिन्यातल्या तापलेल्या पाण्यात प्रजनक हाताळणे म्हणजे त्यांना मारणेच होय.

इतका आग्रह कशासाठी, ते हिशेबाने पाहावे. दहा नर आणि दहा माद्या वापरल्या तर आनुवंशिक दृष्ट्या परिणामकारक संख्या (पुढच्या पिढीचा वंश खरोखर किती माशांइतका विविध राहतो ते) २० भरते आणि पिढीमागे अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, अडीच टक्क्यांनी वाढते. तेच वीस मासे दोन नर आणि अठरा माद्या असे असतील, तर ही संख्या जेमतेम ७ उरते आणि वाढ जवळजवळ सात टक्क्यांवर जाते. तळ्यात मासे वीसच दिसतात. फरक फक्त वहीत दिसतो. नर कमी वापरून खर्च वाचवण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच घातक आहे. नर-माद्या मिळून पन्नास आणि दोन्ही समसमान, हे किमान लक्ष्य धरावे. तेव्हा वाढ एका टक्क्यावर येते.

हवामान बदलते आहे आणि त्यामुळे ही संख्या आपल्या नकळत घटते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. पहाटे तो आणखी खाली जातो आणि मोठे, जड प्रजनक आधी मरतात. म्हणून तळ्यात दीड ते दोन मीटर पाणी राखावे, पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवावा आणि तापमान सकाळी व दुपारी, वर आणि तळाशी मोजावे. किती मेले हे सगळेच मोजतात. कोणते मेले हे वहीतच कळते.

उष्णतेने मासे लवकर पिकतात, हा दुसरा धोका. पश्चिम बंगालमधल्या हॅचऱ्यांत प्रजननाचा हंगाम मार्चपर्यंत अलीकडे सरकल्याचे नोंदले गेले आहे. आपल्याकडे मासा लवकर पिकला आणि पाऊस लांबला, तर अंडी अंगातच जिरतात. त्या भीतीने पहिल्या पिकलेल्या चार-दोन माद्यांवरच सगळे जिरे काढण्याचा मोह होतो आणि वंश तिथेच आखडतो. जिरे टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या माद्यांवर काढावे आणि कोणत्या मादीवर काढले ते त्याच दिवशी लिहावे.

उन्हाळ्यात जो मासा तगला तोच उष्णता सोसणारा, ही समजूत सोयीची आहे, पण खरी असेलच असे नाही; तो कदाचित खोल कोपऱ्यात होता किंवा आकाराने लहान होता. गुण वंशात उतरतो की नाही, हे कुटुंबवार नोंदीशिवाय कळत नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या सहकार्याने जयंती रोहू हा सुधारित वाण घडवला, तेव्हा गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा अशा निरनिराळ्या नद्यांतले मासे एकत्र आणले होते आणि माशांना चिप लावून कुटुंबे ओळखली होती. पिढीमागे वाढीत सुमारे सतरा टक्के सुधारणा मिळाली ती त्यातून. आपण जयंतीचे बीज आणून ते गावठी रोहूत मिसळतो आणि दोन वर्षांनी फरक दिसत नाही म्हणून तक्रार करतो.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, म्हणजे पोसा, वाढवणाऱ्यांनी एवढेच पाहावे की तिच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते, म्हणजे बीज बाहेरूनच येणार. ते घेताना उगम विचारावा आणि लिहावा.

पूर विसरू नये. २०१९ आणि २०२१ नंतर शिरोळ-करवीरमध्ये हे सांगावे लागू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. तिची वाट न पाहता प्रत्येक वंशातले निम्मे प्रजनक उंचावरच्या तळ्यात आधीच हलवावेत. बांधावरची जाळी मोठ्या पुरापुढे टिकत नाही, आणि निसटलेले संकरित मासे नदीतल्या माशांत मिसळतात. वही तळ्यावरच्या खोलीत ठेवू नये. तिची पाने फोनवर काढून घरी ठेवावीत.

प्रत्यक्ष प्रजननाच्या दिवशी पाणी २६ ते ३१ अंश असावे. अंडी सुटावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनची मात्रा माशाच्या वजनाच्या हिशेबाने द्यावी, अंदाजाने नाही. कटला आणि रोहू एका कुंडात एकत्र सोडू नयेत, त्यांचा संकर होतो. अंडी १४ ते १८ तासांत फुटतात, त्यानंतर सुमारे तीन दिवसांनी जिरे काढता येते. कुंडावर मादी-नरांचे क्रमांक खडूने नव्हे, रंगाने लिहावेत. विक्रीच्या पावतीवर तेच क्रमांक घालावेत. मेलेल्या प्रजनकाचा क्रमांक त्याच दिवशी वहीत खोडावा.