घराला आग लावली गेली असेल, तर तक्रार करताना या चुका टाळा

आग विझली की घरातली माणसं आधी आवराआवर करायला घेतात. पंचनाम्याआधी झाडलोट करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. पेट्रोल किंवा रॉकेलचा अंश अर्धवट जळालेल्या गादीत, पायपुसण्यात, उंबऱ्याजवळच्या मातीत मुरलेला असतो. तो उडूनही जातो, म्हणून नमुने लवकर आणि हवाबंद डब्यात घ्यावे लागतात. एकदा पाणी मारून फरशी धुतली की प्रयोगशाळेकडे पाठवायला काही उरत नाही. वितळलेली बाटली, बाहेरून लावलेली कडी, काडेपेटी, जे जिथं असेल तिथंच राहू द्या आणि फोटो काढून ठेवा.

गावाकडे हमखास होणारी गल्लत म्हणजे तलाठ्यांनी पंचनामा केला की काम झालं असं समजणं. तो नुकसानभरपाईसाठी असतो. गुन्ह्यासाठी पोलिसांनी केलेला घटनास्थळाचा पंचनामा वेगळा.

ठाण्यात ‘अकस्मात जळीत’ अशी नोंद झाली असेल, तर कागद वाचल्याशिवाय घरी जाऊ नका. ती गुन्ह्याची नोंद नव्हे. घर जाळल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६(छ) खाली येतो, म्हणजे इंग्रजी प्रतीतलं ३२६(जी). शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. गाडी, गवताची गंजी किंवा इतर मालमत्ता पेटवली तर त्याच कलमाच्या आधीच्या खंडाप्रमाणे सात वर्षांपर्यंत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुचाकी जाळल्या आणि वर माणसं झोपलेली होती, तर आग घरांपर्यंत जाऊ शकत होती हे फिर्यादीत स्पष्ट लिहा. केवळ ‘गाडीचं नुकसान’ एवढंच लिहिलं तर प्रकरण हलकं होतं. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल, तर जुन्या दंड संहितेची कलमं ४३५ आणि ४३६ लागतात.

‘तुझं घर पेटवून देईन’ ही धमकी भांडणातली बडबड म्हणून सोडून देऊ नका. आगीने मालमत्ता नष्ट करण्याच्या धमकीला न्याय संहितेच्या कलम ३५१(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि वेळेवर दिलेली तक्रार पुढे हेतू दाखवायला कामी येते.

फिर्यादीत पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. जुन्या वैरापोटी न पाहिलेल्या चार जणांची नावं घातली, की उलटतपासणीत खरा आरोपीसुद्धा सुटू शकतो. सीसीटीव्हीचं चित्रण व्हॉट्सॲपवर फिरवून समाधान मानू नका. जुन्या चित्रणावर नवं चढण्याआधी डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, पोलिसांना दाखवा, आणि असं चित्रण पुरावा म्हणून देताना कोर्टात लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्या.

एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदच घेत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांकडे. पोस्टाची पावती जपा. तिथंही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना तीच जोडावी लागते.