मोटर ग्लायडर घेताय? मग इलेक्ट्रिक की पेट्रोल ते असं ठरवा

हडपसरला विंचवर (जमिनीवरून दोराने ओढून ग्लायडर वर चढवणारं यंत्र) ग्लायडिंग शिकून पुढे जर्मनी, इंग्लंडला गेलेल्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, कारण तिकडे तीनचार जण मिळून एक ग्लायडर घेतात आणि इंजिनाचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. भांडण्याआधी एवढंच ठरवा की इंजिन हवंय कशाला. स्वतःच्या जोरावर जमिनीवरून उठायचंय, की विंचने नाहीतर विमानामागे दोराने टो घेऊन वर जायचं आणि थर्मल (वर चढणारी गरम हवा) मेले तर घरापर्यंत यायची सोय हवीये? पहिल्याला सेल्फ लाँच म्हणतात, दुसऱ्याला सस्टेनर. आणि नुसतं इकडून तिकडे फिरायचंच असेल तर सरळ रोटॅक्स ९१२ इंजिनवालं सुपर डिमोना वगैरे टूरिंग मोटर ग्लायडर बघा, तिथे बॅटरीचा विषयच नाही सध्या.

आता हिशोब. ६०० किलोचं ग्लायडर १००० मीटर वर न्यायला नुसतं वजन उचलायलाच १.६ युनिट वीज लागते, हो तेच लाइट बिलातलं युनिट. त्यात पंख्याचा (प्रोपेलरचा) लॉस, मोटरचा लॉस, वर चढताना हवेचा विरोध हे सगळं धरलं की दुप्पट पकडा, म्हणजे सव्वातीन-साडेतीन युनिट. नाकावर घडीचा पंखा असलेली जी एफईएस (फ्रंट इलेक्ट्रिक सस्टेनर) सिस्टीम आहे, स्लोव्हेनियातल्या एलझेड डिझाइनची, तिच्या दोन बॅटऱ्यांत मिळून साधारण चार युनिट बसतात. सस्टेनर म्हणून वापरलं तर सरळ उडत शंभरेक किमी, पण सेल्फ लाँच करून परत घरी यायलाही तीच बॅटरी पुरवायची म्हटलं की ओढाताण होते. तिकडे एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटच्या आसपास उष्णता असते, टू स्ट्रोक त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा कामाला लावतं, तरी वजन पाऊण किलोच. बॅटरीत एका युनिटला पॅकिंग धरून सहासात किलो जातात आणि वापरली तरी वजन कमी होत नाही. म्हणजे रेंजमध्ये पेट्रोल जिंकतं, यात वाद घालू नका.

पण माझ्या मते निर्णय रेंजवर घ्यायचाच नाही, इंजिन चालू होतं का यावर घ्यायचा. पेट्रोल सस्टेनर चालू करायचा म्हणजे काय ते बघा: आधी पाठीमागून पायलन (पंखा बसवलेला खांब) बाहेर काढायचा, फ्युएल कॉक, इग्निशन, मग डीकॉम्प्रेशन (इंजिन सहज फिरावं म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून नाक खाली घालून स्पीड वाढवायचा म्हणजे वाऱ्याने पंखा फिरायला लागतो, मग डीकॉम्प्रेशन सोडायचं आणि कान देऊन ऐकायचं पकडतंय का. यात उंची जाते ती जातेच, आणि पकडलं नाही तर पायलन बाहेर उभाच, एरवी ४५ ला १ (एक किमी उंचीत ४५ किमी) जाणारं ग्लायडर पार विटेसारखं खाली यायला लागतं. अशा वेळी माणूस शेत बघायचं सोडून स्विचशीच झटत बसतो, ग्लायडिंगमधले बरेच अपघात असेच झालेत. म्हणून पेट्रोल घ्याल तर नियम करा, आधी उतरण्याजोगं शेत हेरायचं, त्याच्या डोक्यावर पुरेशी उंची हातात असतानाच स्टार्टचा प्रयत्न करायचा, ठरलेल्या उंचीखाली गेलात की इंजिन विसरून सर्किट (उतरण्याआधीची ठरलेली फेरी) धरायचं. एफईएसमध्ये मेन स्विच, मग नॉब फिरवायचा, पंखा आपोआप उघडतो, दोनचार सेकंदांत ताकद मिळते, आणि नाहीच चाललं तरी पंखा नाकाला चिकटून पडलेला असतो त्यामुळे ग्लाइडचं फार काही बिघडत नाही. शेत मात्र इथेही हेरायचंच.

डोंगरात उडणार असाल तर अजून एक मुद्दा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन उंचीवर दमतं, ३००० मीटरला पंचवीस ते तीसेक टक्के ताकद गेलेली असते. स्वित्झर्लंडमधलं सामेदान विमानतळच १७०७ मीटरवर आहे, तिथे उन्हाळ्याच्या दुपारी टू स्ट्रोकवर उठताना रनवे भराभर संपतो. इलेक्ट्रिक मोटरला पातळ हवेचं तेवढं सोयरसुतक नाही. लांगे कंपनीचं अँटारेस २०ई हे इलेक्ट्रिक ग्लायडर ४२ किलोवॅटचं आहे, कंपनीच्या आकड्याप्रमाणे एका चार्जमध्ये साधारण ३००० मीटर चढतं, पण बॅटऱ्या पंखांत असल्यामुळे पंख जोडायला जास्तीचे हात लागतात. वेव्हमध्ये (डोंगरापलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटेत) तासनतास थंडीत उडत असाल तर गार पडलेली बॅटरी कमी देते हेही धरून चाला.

बॅटरीची भीती खोटी नाहीये. २०१७ मध्ये इंग्लंडात पारहॅमला लँडिंगच्या वेळी एका ३०४ ईएस या एफईएसवाल्या ग्लायडरच्या बॅटरीच्या कप्प्यात आग लागली होती, पायलट वाचला. म्हणून बॅटरी आपटली, पडली, आत पाणी गेलं तर ती परत लावायची नाही, तपासून घ्यायची, आणि चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही. हिवाळ्यात निम्म्या चार्जवर ठेवा. चार्जर साधारण एक किलोवॅटचा असेल तर चार युनिट भरायला चार तास, त्यामुळे एका दिवसात दोन पार्टनर सेल्फ लाँच करणार असतील तर दुसरा जेवणापर्यंत हात चोळत बसेल.

पेट्रोलचा जाच वेगळा. ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल तेच, इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का तेही तिथेच बघा, आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका. जुनी लूना आठवतेय ना, चार महिने उभी राहिली की पेडल मारून मारून पाय दुखायचे, हा पण टू स्ट्रोकच आहे बाबा. आवाज, धूर, थरथरीने एक्झॉस्टच्या ब्रॅकेटला जाणाऱ्या चिरा, बेल्टचा ताण, हे सगळं कुणीतरी बघायला लागतं. वँकेल (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या) इंजिनवालं श्लायशर कंपनीचं ग्लायडर असेल तर थरथर बरीच कमी.

माझं मत विचाराल तर नुसती घरी यायची सोय हवी असेल त्याने डोळे झाकून इलेक्ट्रिक घ्यावं. रोज सेल्फ लाँच आणि वर परत दोनशे किमीची खात्री हवी असेल, शिवाय हात काळे करणारा एकतरी पार्टनर असेल, तर पेट्रोल.

सेकंडहँड घेताना मालकाला आधीच फोन करून सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड असताना आमच्यासमोर चालू करा. लॉगबुकात इंजिनाचे तास फारच कमी दिसले तर खूश होऊ नका, न चाललेलं टू स्ट्रोक जास्त त्रास देतं. इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी बनल्याची तारीख, चार्जिंगच्या किती सायकल झाल्या ते आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवायला सांगा, आणि नवीन बॅटरीचा भाव कंपनीकडून लेखी घेऊन तो तुमच्या ऑफरमधून वजा कसा होईल ते बघा.