नायट्रो गाडीचा ट्रिगर किती वेळ दाबून धरावा?

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आटोपला की गावाबाहेरची ती लांबलचक सरळ पट्टी पुढच्या पटापर्यंत मोकळीच असते. नायट्रोची गाडी, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणारी छोटी रिमोटची गाडी, हातात असलेल्या पोराला अशी जागा दिसली की डोक्यात एकच येतं: ट्रिगर दाबायचा आणि टोक येईपर्यंत सोडायचा नाही. काही रविवार मजा येते. मग गाडी गरम झाली की बंद पडायला लागते, पुन्हा चालू व्हायला रुसते, आणि खापर फुटतं इंधनावर नाहीतर ग्लो प्लगवर (तापलेल्या तारेनं इंधन पेटवणारा प्लग). फुल थ्रॉटल, म्हणजे ट्रिगर पूर्ण दाबलेला, या इंजिनांना सोसतं, पण त्याआधी थोडी तयारी लागते आणि ट्रिगर सोडायचीही एक रीत आहे.

आत काय चाललंय ते आधी समजून घ्या. १:८ बग्गीत, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या मापाच्या मॉडेलमध्ये, साधारणपणे .२१ (घन इंच) इंजिन असतं, म्हणजे जेमतेम ३.५ सीसी. ते मिनिटाला ३५,००० फेऱ्यांवर गेलं की पिस्टन सेकंदाला ५८० हून जास्त वेळा वर जाऊन खाली येतो. त्याची चाल १६-१७ मिलिमीटरची, म्हणजे नखाएवढ्या जागेत तो सरासरी ताशी ७० किलोमीटरच्या वेगानं पळतोय आणि प्रत्येक टोकाला थांबून उलटा फिरतोय. हा झटका सोसतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी. फेऱ्या दुप्पट झाल्या की त्याच्यावरचा ताण चौपट होतो. म्हणून अर्ध्या ट्रिगरवर वर्षानुवर्षं टिकणारा रॉड सतत फुल रेसवर लवकर थकतो.

दुसरी गोष्ट तेलाची. मोटरसायकलसारखं वेगळं इंजिन ऑइल इथे नाही. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि त्यातच मिसळलेलं तेल, गाडीच्या इंधनात साधारण ८ ते १२ टक्के. वंगण जातं ते इंधनाबरोबरच. शिवाय मिथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता ओढून घेतं, त्यामुळे इंजिन आतून थंड राहतं. मिश्रण लीन झालं, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त, की तेल आणि थंडावा दोन्ही एकदम घटतात. लांब फुल थ्रॉटलमध्ये इंजिन मरतं ते बहुतेक वेळा यामुळेच. कोणी म्हणेल, आरसी (रिमोटच्या) विमानाचं इंजिन तर अख्खी टाकी फुल रेसवर चालतं. चालतं, कारण त्याच्या इंधनात तेल १८-२० टक्क्यांच्या आसपास असतं, पंख्याचा वारा सतत अंगावर असतो आणि पंख्याच्या भारामुळे फेऱ्याही कमी असतात.

आता कामाला लागा.

नवं इंजिन असेल तर पट्टीवर नेऊच नका. या इंजिनांची पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्या नळीत चालतो ती, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. गार असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो आणि गरम झाल्यावर जागा मोकळी होते. पहिल्या काही टाक्या मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे रिच (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर, ट्रिगर कमी-जास्त करत काढा. डिसेंबरच्या सकाळी गार इंजिनला दोरी ओढून दमू नका. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा, किंवा ग्लो प्लग थोडा सैल करून पिस्टन वरून सुटला की पुन्हा आवळा.

मग एअर फिल्टर. आपल्याकडे याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. ३.५ सीसीचं इंजिन फुल रेसवर ढोबळ हिशेबानं सेकंदाला दोन लिटर हवा ओढतं, आणि ती हवा म्हणजे काळ्या मातीची पिठासारखी धूळ. स्पंजला फिल्टर ऑइल लावून हातानं मळा; सगळा स्पंज एका रंगाचा झाला पाहिजे, कोरडा डाग राहता कामा नये. फिल्टरची नळी कार्बोरेटरवर जिथे बसते तिथे बोट फिरवून पाहा. आतल्या बाजूला बोटाला माती लागली तर फिल्टर धुण्याआधी ती फट बंद करा. कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी एक भानगड असते. कापसाचे तंतू स्पंजवर बसून नमद्यासारखा थर होतो आणि हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या टोपीच्या, पात्यांमध्येही अडकतात. जुन्या टूथब्रशनं ते काढा, नाहीतर त्या पात्यांतून वाराच जाणार नाही.

नीडल लावणं

हाय-स्पीड नीडल, म्हणजे वरच्या रेसमधलं इंधन कमी-जास्त करणारा कार्बोरेटरचा स्क्रू, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवली की मिश्रण लीन होतं, उलटी फिरवली की रिच. बदल एका वेळी फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याहून जास्त नको, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी थोडी पळवून मगच मत बनवा. गरम इंजिनवर ट्रिगर दोन-तीन सेकंद पूर्ण दाबा आणि मागे बघा. निळसर-पांढऱ्या धुराची रेघ दिसलीच पाहिजे. धूर नाही, आवाज चिरका, आणि पट्टीच्या शेवटी जोर वाढायच्या ऐवजी उतरतोय, तर इंजिन लीन आहे. ट्रिगर सोडल्यावर रेस लगेच खाली न येता वरच लटकत असेल तरीही संशय लीनचाच घ्या.

लांब पट्टीवर पळवायचं असेल तर शर्यतीसाठी बरोबर वाटणाऱ्या जागेपासून नीडल थोडी आणखी उघडा. वेग किंचित कमी होईल. होऊ द्या.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ग्लो प्लगजवळ धरून बघा. साधारण ९५ ते १२५ अंश सेल्सिअस ठीक, १३५ च्या पुढे गेलं तर गाडी थांबवा. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. तीन-चार सेकंदांत सळसळून उडाला तर बरं, पडताक्षणी उसळून नाहीसा झाला तर इंजिन फार तापलंय. पण नुसत्या तापमानावर नीडल लावू नका. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात ४५ अंशांत आकडा चढाच येणार. निकाल धुरावर आणि आवाजावर द्या.

आणि इथेच पुष्कळ जण फसतात. उन्हाळ्यातली हवा विरळ असते, तिला इंधन कमी लागतं. थंडीतल्या सकाळी, पारा १० अंशांवर असताना, हवा दाट होते आणि तीच नीडल आपोआप लीन पडते. मेच्या दुपारी लावलेली नीडल डिसेंबरात तशीच ठेवून फुल थ्रॉटल मारणं म्हणजे बाहेर थंडी वाजत असताना इंजिन आतून भाजणं.

पट्टीवर

गाडी दोन-तीन मिनिटं अर्ध्या ट्रिगरवर फिरवून इंजिन पुरतं गरम करा. सुरुवातीला फुल थ्रॉटल दोन-तीन सेकंदच, मग ट्रिगर ढिला, वळण घेऊन परत. ताशी ७० च्या गाडीला २०० मीटर पार करायला दहाएक सेकंद लागतात, म्हणजे एका दमात पाच-सहा हजार फेऱ्या. धूर टिकून असेल तर वेळ हळूहळू वाढवा, पण प्रत्येक लांब पळीनंतर तेवढीच उसंत द्या.

ट्रिगर एकदम सोडू नका. इंजिन अजून वरच्या फेऱ्यांवर असतं आणि कार्बोरेटर मात्र बंद झालेलं, त्यामुळे त्या क्षणी पिस्टनला तेल जवळजवळ मिळतच नाही. आधी अर्ध्यावर आणा, मग सोडा.

चाकं हवेत असताना फुल रेस तर कधीच नको. शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) उडी मारताना बोट घट्ट दाबलेलं असेल, किंवा मित्राला आवाज ऐकवायला गाडी हातात धरून रेस दिली, तर भार नसलेलं इंजिन क्षणात फेऱ्यांची हद्द ओलांडतं. रॉड मोडायची ही हमखास वेळ.

टाकी तळाला लागेपर्यंत पळवू नका. शेवटच्या थोड्या इंधनात फेस आणि हवा येते, आणि ऐन रेसमध्ये मिश्रण लीन होतं. झाकणाचं रबर आणि इंधनाची नळी तपासत राहा. टाकीतलं इंधन सायलेन्सरच्या दाबावर पुढे जातं, तो गळला की पुन्हा तेच.

कार्बोरेटरच्या दांडीला थ्रॉटल बंद करणारं रबर बँड लावून ठेवा. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या, गाडीतल्या रिसीव्हरची बॅटरी मेली तर फुल थ्रॉटलमधली गाडी थेट कोणाच्या तरी तुरीत घुसते, आणि पट्टीच्या कडेला लेकरं बसलेली असतातच.

घरी आल्यावर

नळी चिमटून उरलेलं इंधन जाळून टाका. आफ्टर-रन तेलाचे (गाडी पळवून झाल्यावर इंजिनात टाकायच्या तेलाचे) काही थेंब कार्बोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात टाका, इंजिन फिरवा आणि पिस्टन खाली आणून ठेवा. मिथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात हे टाळलं तर बेरिंग गंजतात आणि पुढच्या रेसमध्ये घरघर ऐकू येते. इंधनाचा डबा गच्च बंद करून सावलीत ठेवा, पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको. मिथेनॉल विष आहे, डोळे जातात, जीव जातो, आणि उन्हात त्याची ज्योत दिसतही नाही.

प्लग काढलाच आहे तर त्याची तार बघा. चकचकीत असेल तर छान. करडी, खडबडीत किंवा वाकडी झाली असेल तर नीडल थोडी उघडायची वेळ झाली. मग पिस्टन अर्ध्या चालीवर आणून फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चाक) दोन्ही बाजूंना हलकेच हलवा. पिस्टन न हलता फ्लायव्हील डगडगत असेल तर रॉडचा बुश झिजला आहे. सतत फुल थ्रॉटलवर चालणाऱ्या गाडीत रॉड आधी जातो आणि जाताना पिस्टन-स्लीव्हही फोडतो, म्हणून ही डगडग जाणवली की पुढच्या रविवारची वाट न बघता रॉड बदला.