अभिनयात यायचंय? मग आधी नाटकाच्या तालमीला जा

खूप पोरं पोरी विचारतात की मला सिरीयलमध्ये काम करायचंय, मुंबईत आल्यावर कुणाला भेटू? मी सगळ्यांना एकच सांगतो, आत्ता कुणाला भेटू नका, आधी तुमच्या गावातला नाहीतर कॉलेजातला नाटकाचा ग्रुप शोधा आणि तिथे जाऊन बसा. रोल मिळत नसेल तर बॅकस्टेज करा. सेट लावणं, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणारं सामान सांभाळणं, म्युझिक ऑपरेट करणं, प्रॉम्प्टिंग म्हणजे नट वाक्य विसरला तर आतून सांगणं, जे मिळेल ते. प्रॉम्प्टिंग करणाऱ्याचं तर अख्खं नाटक पाठ होतं, आणि एकच वाक्य तालमीत रोज कसं बदलत जातं ते त्याला सगळ्यात जवळून दिसतं, हे शिक्षण कुठल्याच दहा दिवसांच्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही.

कॉलेजात असाल तर तुम्ही नशीबवान आहात खरंच. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे, १९६३ पासून चालू आहे, फिरोदिया करंडक आहे, मुंबईत आयएनटीची स्पर्धा आहे, शिवाय प्रत्येक विद्यापीठाचा युवा महोत्सव असतोच. वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका मग २५ जानेवारीच्या रात्री ‘सवाई एकांकिका’ स्पर्धेत भिडतात, रात्रभर चालतं ते, एकदा तरी प्रेक्षक म्हणून जाऊन बसा, आपल्या वयाची मुलं काय काय करतायत ते कळेल. कॉलेज संपलंय, नोकरी करताय? मग राज्य नाट्य स्पर्धा आहे ना, १९५४ पासून हौशी कलाकारांसाठीच आहे, राज्यभर तिची केंद्रं असतात, नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमी करणारे ग्रुप तुमच्याही जिल्ह्यात सापडतील.

रीतसर शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकॅडमी, पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा-टीव्हीची संस्था, दिल्लीची एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. एनएसडीला ग्रॅज्युएशन लागतं आणि आधी नाटकात काम केल्याचा अनुभवही लागतो, म्हणजे तिथे जायचं म्हटलं तरी ग्रुपपासूनच सुरुवात. कोर्स केलाच पाहिजे असं नाही.

आता ऑडिशन. वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये कास्टिंगची म्हणजे कलाकार निवडणाऱ्यांची ऑफिसं आहेत, पण आता बऱ्याच ऑडिशन मोबाईलवर शूट करूनच मागवतात. फोन आडवा धरायचा की उभा ते मेसेजमध्ये नीट वाचा, मागे साधी भिंत, चेहऱ्यावर उजेड, आवाज स्वच्छ. आधी इंट्रो द्यायचा, नाव, वय, उंची, राहायला कुठे, आधी काय केलंय, मग डावा उजवा प्रोफाईल म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवायच्या, मग सीन. फोटो साधे द्या, फिल्टर नको, कारण फोटोतला माणूस आणि समोर आलेला माणूस वेगळा दिसला की तिथेच विषय संपतो. आणि आपली बोली लपवू नका प्लीज! सातारा, वाई, कोल्हापूर, नाशिककडे मराठी सिरीयलची शूटिंग झालीयेत, कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी खरी बोलणारी माणसं लागतात. फक्त प्रमाण भाषाही तितकीच सफाईदार यायला हवी, त्यासाठी रोज मोठ्याने वाचा.

पैशाचं स्पष्ट सांगतो. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन फी, कार्ड फी, कॉस्च्युम डिपॉझिट, आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा, असं कुणी म्हणालं की उठून निघायचं. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, पण ते काम मिळाल्यावर, तुमच्या मानधनातून. रात्री हॉटेलवर एकट्याने मीटिंगला बोलावलं तर जायचं नाही, मग समोरचा कितीही मोठा असू दे, आणि घरी किंवा मित्राला कुठे चाललोय ते कायम सांगून जायचं. नाटकात प्रयोगाचे पैसे मिळतात, त्याला नाईट म्हणतात, बऱ्याचदा प्रयोग झाला की पाकीट हातात येतं. सिरीयलचं तसं नाही, तिथे पर डे म्हणजे एका दिवसाचं मानधन ठरतं आणि पैसे बहुतेक वेळा ९० दिवसांनी येतात, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये, तोवर भाडं, जेवण, लोकलचा पास सगळं तुमच्याच खिशातून. म्हणून काही महिने निघतील एवढी शिल्लक बाजूला ठेवल्याशिवाय मुंबईत खोली घेऊ नका.

आणि पहिलं काम मिळालं की आनंदात लगेच हो म्हणून टाकतात सगळे, थोडं थांबा. महिन्याला साधारण किती दिवस, शिफ्ट किती तासांची, पर डे किती आणि किती दिवसांनी मिळणार, मुंबईबाहेर शूट असेल तर राहण्याजेवणाचं काय, सिरीयल चालू असताना दुसरीकडे काम करता येईल का, शनिवार रविवार नाटकाच्या प्रयोगाला सोडणार का, हे सगळं विचारून घ्या, करारात तसं लिहिलंय का ते कुणा अनुभवी माणसाला वाचायला द्या, आणि मगच सही करा.