पहिल्यांदा पॅनलवर बसताय? हिंट जपून द्या

सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड झालात की एखाद्या शुक्रवारी एचआरचा मेल येतोच: उद्या वॉक-इन मुलाखती आहेत, पॅनलवर या. प्रश्न काढणं तुम्हाला येतं, ते सांगत बसत नाही. आपली मतं मार्कांत कुठून शिरतात, तेवढंच लिहितोय.

जात-धर्म विचारून कुणी कुणाला नाकारत नाही. ते काम आडनाव आणि गाव परस्पर करून टाकतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या 2007 मधल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे गेले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. त्यामुळे नाव, फोटो, पत्ता झाकून रेझ्युमे मागा. एचआर नाही म्हणालं, तर निदान प्रोजेक्ट आधी वाचा आणि नाव शेवटी.

पण खरी मेख हिंटमध्ये आहे. सुरुवात 'मूळचे कुठले?' अशी होते. मुलगा आपल्याच तालुक्यातला निघतो, नाहीतर आपल्याच कॉलेजचा. पुढे तो डेटाबेसमधली दोन टेबलं जोडायच्या प्रश्नावर (जॉइन) अडकला की आपल्या तोंडून सहज निघतं, 'नल, म्हणजे रिकाम्या नोंदी, आले तर काय होईल?' त्याला लगेच सुचतं. पुढची मुलगी नेमकी तिथेच अडते, तेव्हा आपण गप्प बसून घड्याळ बघतो. त्याला 4, तिला 2. दोन्ही मार्क प्रामाणिक वाटतात, कारण त्याने उत्तर दिलेलं असतं आणि तिने नसतं. नंतरच्या चर्चेतही हे कुणाला दिसत नाही, शीटवर हिंटचा रकानाच नसतो. तो आखून घ्या. प्रत्येक प्रश्नाच्या दोन हिंट आदल्या रात्री लिहून ठेवा. उमेदवार दोन मिनिटं अडला की पहिली, आणखी दोन मिनिटांनी दुसरी. हिंटशिवाय बरोबर आलं तर 5, एका हिंटवर 4, दोनवर 3. समोर कुणीही असो. गावाकडच्या गप्पा मार्क लिहून झाल्यावर खुशाल मारा.

'अ‍ॅटिट्यूड नाही', 'कल्चर फिट वाटत नाही', 'टिकणार नाही' असं लिहावंसं वाटलं, तर उमेदवाराचं कोणतं वाक्य ऐकून, तेही शेजारी लिहा. बहुतेकदा काही सापडत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं एमपीएससी केलेल्या मुलाला 'गॅप आहे' म्हणून उडवणं ही तर पुण्यातली खास खोड. त्याला गेल्या सहा महिन्यांत काय कोड लिहिला ते विचारा, इतरांनाही तेच.

लग्न कधी, हिंजवडीचं जाणं-येणं झेपेल का, हे फक्त मुलींना विचारलं जातं. बंद करा. शिफ्टची वेळ सांगा आणि 'जमेल का?' सगळ्यांना विचारा. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकऱ्यांपुरतं आहे, मात्र 2019 च्या वेतन संहितेनुसार सारख्या कामाच्या भरतीत स्त्री-पुरुष भेद खासगी कंपनीलाही करता येत नाही.

'माणूस आत आला की मला कळतं' म्हणणारा सीनियर प्रत्येक मजल्यावर असतो. त्याच्याकडून पॅनल शिकू नका, आणि त्याने तोंड उघडायच्या आत तुमची शीट भरून टाका.

पहिल्या एक-दोन ड्राइव्हना सगळ्यांनाच 3 पडतात, घाबरू नका, सवयीने हात सुटतो. ओळखीचा उमेदवार आला तर एचआरला सांगून पॅनल बदलून घ्या. का, ते सहसा कुणी विचारत नाही.